शेऱ्याचा रकाना

"तिकीट?"

मी हात पुढे केला, पण फाटकातून बाहेर पडणारा तो माणूस थांबला नाही. चार पावलं पुढे गेला आणि मग त्याला थांबावं लागलं, कारण त्याच्या मागून येणारे दहाबारा जण माझ्यापाशी थबकले होते. एकट्यानं पुढे निघून जाणं त्याला शोभलं नसतं.

"काय म्हणाल्या?"

"तिकीट दाखवा."

पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट, कपाळाला अष्टगंध. वय पन्नाशीच्या पुढचं. त्यानं माझ्याकडे न बघता आमच्या पॉइंट्समनकडे बघितलं. "नेवारे, बाईले सांगतलं नाही काय?"

महादेव नेवारे हातातली झेंडी गुंडाळत होता. तो माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, "खोडेसाहेब आहेत ते, बाई. यादवराव खोडे. प्रवासी समितीचे अध्यक्ष."

"अध्यक्षांनाही तिकीट लागतं."

मागच्या लोकांत कोणीतरी हसलं. खोडे परत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. आवाज अगदी शांत होता. "बाई, तुम्ही नव्या आहा, म्हणून सांगतो. हे टेसन ज्या जागेवर उभं हाय ना, ते माह्या आज्याचं वावर होतं. सतरा साली इंग्रज इथला कापूस न्यायले आला, तवा आज्यानं बारा एकर देऊन टाकलं. तवापासून या गावात कोणी तिकीट काढलं नाही. गाडीच आमची, तर तिकीट कोणाचं काढाचं?"

"गाडी सरकारची आहे. या, खिडकीवर या."

ते आले. का आले ते मला तेव्हा समजलं नाही; मी भित्री ठरेन की मूर्ख, एवढंच बहुधा त्यांना बघायचं होतं. मी दंडाची पावती फाडली आणि नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. पावतीची घडी घालत त्यांनी विचारलं, "अन् तुमचं?"

"यशोधरा गजघाटे."

"गजघाटे," ते म्हणाले. "असं हाय होय."

त्या 'असं हाय होय'चा अर्थ मला कोणी सांगायला नको होता. शाळेपासून ऐकत आले होते.

ही एकोणीसशे एकोणनव्वदच्या जूनमधली गोष्ट. धामणतळ्याला स्टेशनमास्तर म्हणून रुजू होऊन मला तिसरा दिवस होता. माझं वय एकतीस, परीक्षा देऊन लागलेली, नवरा नागपूरला तार ऑफिसात. धामणतळा हे आमच्या छोट्या लाईनचं शेवटचं स्टेशन. जंक्शनपासून चौतीस किलोमीटर. सकाळी सातला गाडी इथून सुटायची आणि संध्याकाळी साडेपाचला परत यायची. इंजिन, तीन डबे आणि गार्डची खोली. लोक तिला 'म्हातारी' म्हणत. चढावर ती इतकी मंद व्हायची की पोरं उतरून, बोरं तोडून पुन्हा चढत.

लाईनीचा इतिहास मला नेवारेनं सांगितला. त्याचा बापही याच लाईनीवर होता आणि आजा ती टाकताना माती वाहत होता. धामणतळ्याला तेव्हा कापसाचे तीन जिनिंग कारखाने होते, त्यातला एक खोड्यांचा. खोड्यांच्या आज्यानं जमीन दिली हे खरं होतं. स्टेशन आपल्या जिनिंगच्या दाराशी आणलं हेही खरं होतं. पहिली गाडी आली तेव्हा इंजिनला हार घातला, गावजेवण दिलं. पुढं ट्रक आले, कापूस रस्त्यानं जायला लागला, जिनिंग बसले. मालगाडी बंद झाली. राहिले ते लोक. शाळा-कॉलेजची पोरं, दवाखान्याला जाणारे, बाजाराला जाणाऱ्या बाया. आणि ते फुकट जात.

"माझ्या बापानं नाही विचारलं, मी नाही विचारलं," नेवारे म्हणाला. "आधीचे मास्तर तर खोड्यांच्या घरी पंगतीला जात. तुम्ही जरा ढील द्या ना, बाई."

ढील द्यायचा माझा स्वभाव नव्हता. पण नुसता स्वभावाचा प्रश्न नव्हता. असल्या लाईनी बंद करायची भाषा वर सुरू झाली आहे, हे आम्ही नोकरीतले सगळे ऐकून होतो. तिकिटं खपली तर गाडी टिकेल, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. जुलैत मी ते खोड्यांना सांगितलंही. त्यांच्या कापडाच्या दुकानात गेले होते, उभ्या उभ्या बोलले. त्यांनी बसा म्हटलं नाही.

"दम देऊन राहिल्या काय?" ते म्हणाले. "गाडी बंद करता? तुम्ही?"

"मी नाही. वरचे करतील."

"आमच्या आज्यानं आणलेली गाडी बंद कराची कोणाची छाती हाय, सांगा त्यायचं नाव." मग दुकानातल्या नोकराला म्हणाले, "बाई जाऊन राहिल्या, पाय पुसणं झटकून घे."

नोकरानं खरंच पायपुसणं उचललं आणि माझ्यासमोर दारात झटकलं.

त्यानंतर जे सुरू झालं ते मी सगळं सांगत बसत नाही. दूधवाला यायचा बंद झाला. म्हैस आटली म्हणाला. किराणावाल्याकडे साखर असायची, पण माझ्यासाठी नसायची. स्टेशनच्या विहिरीचा दोर दोनदा कापला. क्वार्टरच्या टिनावर दगड पडत. ठाण्यातल्या जमादारानं माझी तक्रार ऐकून घेतली आणि विचारलं, "दगडावर नाव होतं का कोणाचं?" वर अर्ज जात होते: बाई उद्धट आहे, बाई वेळेवर खिडकी उघडत नाही, बाईचं चालचलन बरं नाही. मला ते कळायचं, कारण ते अर्ज खुलाशासाठी माझ्याकडेच परत येत.

त्यात तिकिटाचा राग किती आणि आडनावाचा किती, हे मला कधी वेगळं करता आलं नाही. त्यांनाही आलं नसतं.

तरी मी रोज फाटकात उभी राहत होते. हळूहळू काही लोक तिकीट काढायला लागले, शिव्या देत का होईना. गावाबाहेरच्या आमच्या समाजाच्या वस्तीतले लोक तिकीट काढत, पण माझ्याशी बोलताना इकडेतिकडे बघत. त्यांना उद्या खोड्यांच्याच वावरात जायचं असायचं.

न बिचकता बोलणारी एकच बाई होती. पार्बताबाई कुमरे. दोन कोसांवरच्या गोंडटोल्यावरून ती पहाटे निघायची आणि सीताफळांचं टोपलं घेऊन जंक्शनच्या बाजारात जायची. काळीसावळी, काटक, हातावर गोंदण. वय तिला माहीत नव्हतं. मी यायच्या आधीपासून ती तिकीट काढत होती, या साऱ्या लाईनीवर तेव्हा बहुधा ती एकटीच.

"तू कशाला काढायचीस?" मी एकदा विचारलं. "सगळे तर फुकट जात होते."

"त्यायले कोणी उतरवत नाही, बाई," ती म्हणाली. "मले उतरवतीन."

खिडकीशी उभी राहून ती माझ्या माठातलं पाणी प्यायची. त्या गावात माझ्या हातचं पाणी पिणारी तीच. एवढ्यावरून मी तिला जिवाभावाची मानत होते.

दसरा झाला आणि दिवाळी तोंडावर आली. खोड्यांचा पुतण्या दिवाकर, बाविसेक वर्षांचा, एका सकाळी खिडकीवर आला. मला वाटलं तिकीट मागतोय. त्यानं वाकून खिडकीतून तोंडातला पान-तंबाखूचा सगळा चोथा माझ्यावर थुंकला. गालावर, पदरावर, समोरच्या वहीवर. मागे त्याचे मित्र होते. ते हसत डब्यात जाऊन बसले.

मी चेहरा धुतला. मग जंक्शनला फोन केला, गार्डच्या हाती चिठ्ठी दिली, आणि गाडी तिथं पोचली तेव्हा रेल्वे पोलिसांनी दिवाकरला उतरवून घेतलं. एक दिवस आणि एक रात्र त्याला कोठडीत काढावी लागली. खोड्यांच्या घरातला माणूस कोठडीत जायची ती पहिली वेळ.

शनिवारी दुपारी खोडे स्टेशनवर आले. सोबत वीसपंचवीस माणसं. मी ऑफिसच्या दारात उभी राहिले. नेवारे माझ्या मागे उभा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"ऐका बाई," खोडे म्हणाले. "काल गावाची सभा झाली. सोमवारपासून या गावचा एक माणूस या गाडीत पाय ठेवणार नाही. रिकामी नेजा अन् रिकामी आणजा. तुमची बदली होईपर्यंत."

"सोमवारपासून?" मी विचारलं.

"काहून? जमत नाही काय?"

"नाही. विचारलं फक्त."

"भेव वाटून राहिलं काय आता?"

मी उत्तर दिलं नाही. त्यांनी मागे वळून बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "बाईची बोलती बंद झाली रे!" लोक हसले. कोणीतरी घोषणा दिली. जाता जाता एकानं फाटकावर लाथ मारली, त्याची बिजागरी निखळून फाटक कलंडलं.

नेवारे म्हणाला, "बाई, वर तार करा. बहिष्कार घातला म्हणून कळवा."

"कशाला? गाडीत बसायचं की नाही ही ज्याची त्याची मर्जी."

"पण कळवायला नको?"

"नेवारे, झेंडी घ्या. तुमचं काम झेंडीचं आहे."

मी त्याच्याशी तशी कधी बोलले नव्हते.

सोमवारी सकाळी सातला गाडी सुटली तेव्हा तिन्ही डबे रिकामे होते. म्हणजे अगदी रिकामे नव्हते: मधल्या डब्यात पार्बताबाई टोपलं पायाशी घेऊन बसली होती. तिला सभा-बिभा काही माहीत नव्हती. स्टेशनबाहेर समितीची पोरं सतरंजी टाकून बसली होती, कोण जातं त्यावर नजर ठेवायला. ती गेली तेव्हा त्यांनी नुसती आरडाओरड केली.

गावानं ते मनावर घेतलं होतं, हे मान्य करायला हवं. दिवाळीचा बाजार जंक्शनलाच. लोक बैलगाड्यांनी गेले, ट्रकच्या टपावर बसून गेले, कॉलेजची पोरं सायकलींवर गेली. एका बाळंतिणीला चौतीस किलोमीटर खटाऱ्यातून नेलं, गाडी समोर उभी असताना. खोडे स्वतः रोज सकाळी फाटकापाशी येऊन उभे राहत. मोडक्या फाटकावर हात ठेवून रिकाम्या गाडीकडे बघत आणि मग माझ्याकडे बघून हसत. मीही त्यांच्याकडे बघत असे.

मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. रोज एक तिकीट. पार्बताबाईचं.

शनिवारी ती यायच्या आधीच दिवाकर आणि त्याचे मित्र प्लॅटफॉर्मवर आले होते. ती तिकीट घेऊन वळली तोच त्यांनी तिला अडवलं.

"म्हातारे, कळत नाही काय? गाव बंद हाय."

"माहं गाव टोला हाय, बापू," ती म्हणाली. "मी तुमच्या गावची नाही."

दिवाकरनं टोपल्याला पाय लावला. फार जोरानं नाही, सहज, जसं वाटेतला दगड बाजूला करावा. टोपलं कलंडलं. पिकलेली सीताफळं प्लॅटफॉर्मवर फुटत घरंगळली. मग त्यांना चेव आला. चौघं-पाचजण त्यांवर नाचले. पांढरा गर आणि काळ्या बिया चपलांखाली पसरल्या. पार्बताबाई ओरडली नाही. बाजूला उभी राहून बघत राहिली, आणि त्यांचं नाचून झाल्यावर खाली बसून धड राहिलेली फळं वेचायला लागली. नेवारेही वेचू लागला.

मी खिडकीच्या आत होते. बाहेर यायला मला वेळ लागला. दाराला कडी होती, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले.

त्या दिवशीही ती अर्धं टोपलं घेऊन गाडीत बसून गेलीच. रविवारी सकाळी पुन्हा आली. टोपल्यात थोडीच फळं होती. खिडकीशी येऊन तिनं तिकीट मागितलं नाही. विचारलं, "बाई, येऊ का नको? तुमी म्हनान तसं. तुमी या म्हनलं तर मी येतो. हे पोट्टे काही वाघ नाही."

माझ्या डाव्या हाताला टेबलाचा खण होता. त्यात एक पत्र होतं.

आता ते सांगते. बहिष्काराची घोषणा झाली त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, माझ्याकडे वरून एक गोपनीय लखोटा आला होता. येत्या सोमवारपासून चौदा दिवस लाईनीवरच्या प्रत्येक स्टेशननं रोजच्या प्रवाशांचा आकडा लिहून पाठवायचा. त्यावर लाईन ठेवायची की बंद करायची ते ठरणार. मधली स्टेशनं नावापुरतीच होती. आकडा होता तो धामणतळ्याचा. दिवाळीचे दिवस म्हणजे वर्षातली सगळ्यात जास्त गर्दी. ज्यानं कोणी ते दिवस निवडले होते, त्याला बहुधा लाईन वाचवायची होती.

म्हणून मी खोड्यांना विचारलं होतं, "सोमवारपासून?"

पत्र गोपनीय होतं, हे खरं. पण गोपनीय पत्रं गावाला कळवायचे शंभर मार्ग असतात. नेवारेच्या कानात दोन शब्द टाकले असते तरी संध्याकाळपर्यंत खोड्यांच्या दुकानात ते पोचले असते, आणि सोमवारी सगळं गाव तिकिटासाठी रांगेत उभं राहिलं असतं. मला एक वाक्य बोलायचं होतं. ते मी बोलले नाही. त्यांनी सोमवार म्हटलं तेव्हा मला पहिल्यांदा, त्या गावात आल्यापासून पहिल्यांदा, गार वाटलं होतं.

"बाई?" पार्बताबाई म्हणाली. "येऊ का नको?"

"नको येऊस," मी म्हणाले. "आठवडाभर घरीच थांब."

"आज बी?"

"आज बी."

मला तिची काळजी वाटत होती. ते खोटं नाही. पण तिनं पाठ फिरवल्यावर मी वही उघडली आणि त्या दिवशीच्या घरात शून्य काढलं, तेव्हा हाताला जे वाटलं ते काळजीचं नव्हतं. मला शून्यच हवं होतं. एकही नको होता.

पुढचा आठवडा रोज शून्य. चौदा दिवस झाल्यावर मी तक्ता भरला. सहा दिवस एक, आठ दिवस शून्य. एक आकडा खोटा लिहिला नाही. तक्त्यात शेवटी शेऱ्याचा रकाना होता: काही विशेष कारण असल्यास नमूद करावे. मी पेन उचलून त्या रकान्यावर बराच वेळ धरलं होतं. नेवारे बाहेर झाडत होता. गावात फटाके वाजत होते. रकाना कोरा ठेवून मी सही केली आणि लखोटा सकाळच्या गाडीनं पाठवला.

आठ दिवसांनी माझ्या बदलीचा हुकूम आला. अर्ज एका खात्यात गेले होते आणि आकडे दुसऱ्या. त्या दोन खात्यांची कधी गाठ पडत नाही. गावात डफडं वाजलं, गुलाल उधळला. मिरवणूक स्टेशनवर आली. खोड्यांच्या कपाळावर, कोटावर, मिशांवर गुलाल होता. त्यांनी पेढ्यांचा पुडा माझ्यासमोर धरला.

"घ्या बाई. तोंड गोड करा."

सगळे बघत होते. मी रडावं, निदान पुडा उडवावा, अशी त्यांची अपेक्षा होती. मी एक पेढा घेतला आणि त्यांच्यासमोर उभी राहून सगळा खाल्ला.

"चांगला आहे," मी म्हणाले. "अभिनंदन, खोडेसाहेब."

त्यांचं हसू क्षणभर अडखळलं. त्यांना काहीतरी लागलं, पण काय ते उमगलं नाही.

मार्चमध्ये लाईन बंद झाली. शेवटच्या गाडीला हार घालायलाही कोणी नव्हतं म्हणे. नोटीस लागली ती दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांनी वाचली. खोडे शिष्टमंडळ घेऊन वर गेले. साहेबांनी तक्ता पुढे केला. आमचा बहिष्कार होता हो, असं खोडे ओरडून ओरडून सांगत होते. साहेब म्हणाले, तसा शेरा नाही. हे मला नेवारेनं सांगितलं. त्याला दूरच्या एका फाटकावर टाकलं होतं, तिकडे जाताना तो भेटला. सगळं सांगून झाल्यावर तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. विचारलं मात्र काही नाही. पुन्हा कधी भेटलाही नाही.

वर्षाच्या आत रूळ उचलून नेले. स्टेशनच्या इमारतीची कौलं आणि दारं लोकांनी काढून नेली.

मी तेव्हा जंक्शनवर बुकिंगला होते. खरं सांगायचं तर झोप लागत होती. त्यांनी मला जे केलं त्याची फेड झाली, एवढंच मनात होतं. बहिष्कार त्यांचा, शून्य त्यांचं. मी फक्त लिहिलं. हा हिशेब मला पक्का वाटत होता.

नव्वद सालच्या दिवाळीच्या आसपास, दुपारी, माझी पाळी संपली आणि मी बाहेर पडले. स्टेशनच्या आवाराच्या कडेला, लिंबाखाली, पार्बताबाई बसली होती. तिच्यासमोर शिंदीच्या फड्यांचा भारा होता, झाडायच्या फड्यांचा. ती वाळली होती. मीच तिला आधी ओळखलं.

"बाई!" ती उठून उभी राहिली. तिनं माझे दोन्ही हात धरले. "इथं असता होय? बरं झालं. त्या पाप्यायच्या गावातून सुटल्या."

"तू कशी आलीस?"

"रातच्यान निघालो. अर्धी वाट पायी, मंग एका टॅक्टरवाल्यानं बसू देलं."

"आणि सीताफळं?"

"ते कायचे आता. इथं येईस्तोवर नासतेत. यष्टीवाला टोपलं घेऊ देत नाही. झाडावरच सडून गेले यंदा. फडे नासत नाही, म्हणून फडे." ती हसली. मग आजूबाजूच्या बायांना सांगू लागली, "ह्या आमच्या मास्तरीण बाई. लय चांगल्या. गावानं ह्यायले हाकललं, म्हणून गाडी गेली. बाईचा तळतळाट लागला त्यायले."

त्या बाया माझ्याकडे आदरानं बघायला लागल्या. मला ते सहन झालं नाही. खोड्यांचं हसणं मी सहा महिने सहन केलं होतं. हे सहा क्षणही नाही.

"पार्बताबाई," मी म्हणाले, "तळतळाट नाही. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

मी तिला सांगितलं. पत्राचं, चौदा दिवसांचं, कोऱ्या रकान्याचं. तिला कळेल अशा शब्दांत, काही न लपवता. तिनं माझे हात सोडले कधी ते माझ्या लक्षात आलं नाही.

"कवापासून माहीत होतं?"

"तो बहिष्कार सुरू व्हायच्या आधीपासून."

"मी रोज तिकट काढाले येत होतो, तवा?"

"तेव्हाही."

"अन् मले घरी जा म्हनलं, तवा?"

मी मान डोलावली.

बाजूला कोणीतरी मोसंबी विकायला ओरडत होतं.

"खोड्याले धडा शिकवाचा होता तुमाले," ती म्हणाली.

"हो."

"त्यानं जीप घेतली, बाई."

एवढंच ती बोलली. आवाज चढला नाही, शिवी नाही. खाली वाकून तिनं फडे एकत्र केले, दोरी आवळली, डोक्यावर चुंबळ ठेवली. भारा मोठा होता, एकटीला उचलणं शक्य नव्हतं. मी पुढे होऊन एका बाजूनं हात घातला. तिनं भारा माझ्या हाताखालून आपल्याकडे ओढून घेतला.

"ए भाऊ," तिनं पलीकडून जाणाऱ्या एका हमालाला हाक मारली, "हे जरा उचलून दे डोईवर."

तो आला. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, जवळ उभी असून ही बाई हात का लावत नाही म्हणून, आणि भारा उचलून तिच्या डोक्यावर दिला.